एका फळीवरचे शेजारी



आपल्या शाळेच्या ग्रंथालयात खिडकीशेजारी जे काचेचे कपाट आहे, ते तुमच्यापैकी पुष्कळांनी बाहेरूनच पाहिले असेल. त्याची तिसरी फळी हा या लेखाचा विषय होय. काही वर्षांपूर्वी कसबा पेठेतील एका वयोवृद्ध गृहस्थांनी आपला ग्रंथसंग्रह शाळेस देऊन टाकला. दोन पेट्या भरून पुस्तके आली. आमच्या शिपायाने विषयवारीच्या भानगडीत न पडता उंचीच्या मानाने ती लावून टाकली, आणि त्यायोगे मूर्तिशास्त्राला खेटून तुरुंगांची पाहणी, तिच्या पलीकडे मराठ्यांची न्यायपद्धती, मध्येच एका तुरुंगवासाची हकीकत आणि टोकाला पुराव्याच्या कायद्याचे फाटके पुस्तक, असा विलक्षण शेजार जमून आला. एका शनिवारी दुपारी मी ती फळी नीट लावण्याच्या उद्देशाने बसलो. दिवे लागेपर्यंत वाचीतच बसलो, आणि अखेरीस फळी होती तशीच ठेविली.

पालकांपैकी कोणी विचारतील की, परीक्षेस नेमलेली पुस्तके बाजूस सारून मुलांनी मूर्तींचे हात आणि कैद्यांच्या कोठड्या मोजीत का बसावे? हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मी एकदम देत नाही. प्रथम त्या फळीवरील एकेक ग्रंथ उघडून पाहू.

सर्वांत उंच म्हणून डावीकडे उभा आहे तो टी. ए. गोपीनाथ राव यांचा हिंदू मूर्तिशास्त्रावरील इंग्रजी ग्रंथ. त्रावणकोर संस्थानच्या पुराणवस्तुखात्याचे हे अधिकारी. त्यांनी आपल्या ग्रंथाचा पहिला खंड १९१४ साली व दुसरा १९१६ साली प्रसिद्ध केला. मूर्तीचे हात किती, कोणत्या हाती कोणते आयुध, बोटांची मुद्रा कशी, आसन कोणते, वाहन कोणते, मस्तकावर मुकुट की जटा, अशा खुणा एकामागून एक तपासून मग ही मूर्ती अमक्या देवतेची असे म्हणावयाचे, ही त्या शास्त्राची रीत. ज्यांना इंग्रजी जड वाटेल त्यांच्यासाठी डॉ. नी. पु. जोशी यांचे 'भारतीय मूर्तिशास्त्र' हे मराठी पुस्तक आहे, ते अवश्य पाहावे.

आता या शास्त्राची परीक्षा पाहण्यास फार दूर जावयास नको. कसब्यातून निघून, तांबट आळीतील हातोड्यांचा ठणठणाट मागे टाकून नागझरी ओलांडली की सोमवार पेठेत त्रिशुंड गणपतीचे दगडी मंदिर लागते. भीमगीरजी गोसावी यांनी १७५४ साली ते बांधावयास घेतले आणि १७७० साली ते पुरे झाले. आतील मूर्तीला सोंडा तीन, हात सहा आणि वाहन मोर! ज्याने 'मोर म्हणजे कार्तिकेय आणि उंदीर म्हणजे गणपती' एवढेच पाठ करून ठेविले आहे तो येथे उंबरठ्यावरच अडखळतो. मोरगावच्या मयूरेश्वराचे स्मरण ज्याला होईल तो थोडा पुढे जाईल. एक खूण ओळखता आली म्हणजे मूर्ती ओळखली असे होत नाही. सगळ्या खुणा एकत्र घेऊन त्यांचा मेळ बसतो की नाही हे पाहावे लागते.

परंतु या मंदिराचे खरे कोडे आहे ते बाहेरच्या दर्शनी भिंतीवर. तेथे युरोपीय पोशाखातील बंदूकधारी शिपाई एका गेंड्याला साखळदंडांनी जखडीत आहेत असे एक शिल्प आहे. पुण्याच्या देवळावर गेंडा कोठून आला? गेंडा हा पूर्वेकडील प्रांतांतला प्राणी. १७५७ साली पलाशीची लढाई झाली आणि बंगाल इंग्रजांच्या मुठीत गेला. मंदिराचे काम त्याच सुमारास चालू होते. तेव्हा हा गेंडा म्हणजे बंगाल आणि साखळी म्हणजे इंग्रजांची सत्ता, असा अर्थ अनेकांनी लाविला आहे. अर्थ मोठा मनोवेधक आहे, आणि काळाशी जुळणाराही आहे. कोणी म्हणतात, हा गेंडा म्हणजे आसाम. पण आसाम इंग्रजांकडे गेला तो १८२६ च्या यांदाबूच्या तहाने, म्हणजे मंदिर पुरे झाल्यानंतर छप्पन्न वर्षांनी! तेव्हा आसाम जिंकल्याचे ते चित्र होऊ शकत नाही, एवढे तरी सनावळीच्या बळावर निश्चित सांगता येते. बंगालची गोष्ट तशी नाही. ती खोडून काढता येत नाही, आणि मंदिरावर संस्कृत व फारसी शिलालेख असूनही, 'आम्ही बंगाल दाखविला आहे' असे त्यांतील कोणी आपल्याला सांगत नाही. दगड एवढेच म्हणतो की शिपाई आहेत, बंदुका आहेत, साखळ्या आहेत आणि गेंडा आहे. बाकीचे आपण म्हणतो.

खुणांची भाषा ज्यांना ठाऊक असते त्यांनाच ती बोलते, याचे एक उदाहरण आपल्या ख्रिस्ती इतिहासातही आहे. रोमच्या भूमिगत दफनस्थानांत प्राचीन ख्रिस्ती लोकांनी मासा कोरून ठेविला आहे. माशाला ग्रीक भाषेत जो शब्द आहे त्याच्या पाच अक्षरांपासून 'येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणारा' या अर्थाच्या पाच ग्रीक शब्दांचा आरंभ होतो. जो हे जाणत नाही त्याला वाटावे, येथे कोणी कोळी पुरला असेल! आणि खुणा जशा वाचता येतात तशा त्या नव्याने घडविताही येतात. गोव्यात १९०२ साली जन्मलेले आंजेलो द फोन्सेका हे चित्रकार अवनींद्रनाथ ठाकुरांपाशी शिकले आणि पुढे आपल्या शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून चित्रे काढू लागले. त्यांची मरिया साडी नेसते, आपल्या घरांतील बायांप्रमाणे बसते. पुष्कळांना हे रुचले नाही. निळा झगा आणि सोनेरी केस यांवाचून मरिया ओळखावी कशी, असा त्यांचा आक्षेप. पालेस्टाईनमधील यहुदी कन्येला सोनेरी केस कोणी दिले, असा प्रश्न मात्र त्यांनी स्वतःस विचारला नसावा. फोन्सेका १९६७ साली वारले.

येथवर देवळे, मूर्ती आणि चित्रे झाली. या पुस्तकांच्या अंगाला अंग लावून जो ग्रंथ उभा आहे त्याचे नाव वाचून वाटते की आता विषय पार बदलला. डॉ. वि. त्र्यं. गुणे यांचा 'मराठ्यांची न्यायपद्धती' या विषयावरील हा इंग्रजी प्रबंध पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९५३ साली प्रसिद्ध केला. मीही विषय बदलला असेच समजून तो उघडला होता. परंतु त्यातील महजरांविषयी वाचीत असता मी थबकलो. महजर म्हणजे सभेत झालेल्या निवाड्याचा, सर्वांच्या साक्षीनिशी तयार केलेला लेख. वतनाचा तंटा असो की हद्दीचा, गावची पांढरी जमावयाची, वादी-प्रतिवादींचे करीने म्हणजे लेखी कथन ऐकावयाचे, साक्षी घ्यावयाच्या, आणि निकालाच्या कागदावर उपस्थितांनी आपापल्या सह्या करावयाच्या. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांनी काय करावे? पाटलाची निशाणी नांगर. न्हाव्याची निशाणी आरसा. सुताराची त्याच्या हत्याराची. ज्याचा जो धंदा त्याची ती खूण. कागदावर काढलेला तो चिमुकला नांगर म्हणजे 'मी येथे होतो, मी ऐकले, मी याला बांधलेला आहे' असे वचन.

पाहा, मूर्तीच्या हातातील अंकुश आणि महजरावरील नांगर हे एकाच जातीचे लेखन झाले. मात्र दोहोंत एक भेद आहे, आणि तो लहान नव्हे. अंकुशाचा अर्थ चुकला तर एक प्रबंध चुकेल. महजरावरील निशाणी खोटी असेल तर एखाद्या कुटुंबाची जमीन जाईल.

त्याच ग्रंथात 'दिव्या'ची माहिती आली आहे, ती वाचताना अंगावर काटा येतो. साक्षीपुराव्याने तंटा तुटेना म्हणजे वादी किंवा प्रतिवादी यांस दिव्य करावे लागे. रवादिव्यात कढत तेलातुपातून धातूचा तुकडा, म्हणजे रवा, हाताने काढावयाचा. मग हात पिशवीत घालून त्यावर मोहोर करावयाची, आणि नेमल्या दिवशी पिशवी सोडून सर्वांसमक्ष हात तपासावयाचा. भाजल्याची खूण दिसली तर तो खोटा. आपण आज याला हसू. तथापि त्या लोकांचा हेतू वाईट नव्हता. माणसांकडून सत्य कळत नाही, तर ते ईश्वराने खुणेने सांगावे अशी त्यांची श्रद्धा होती. प्रमाद एवढाच की कातडीवरची खूण त्यांनी अंतःकरणाची म्हणून वाचली. युरोपातही शतकानुशतके हेच चालले होते, म्हणून कोणी कोणास नावे ठेवू नयेत.

न्यायाचा विषय आला आणि राहावयाचे कसब्यात, मग शनिवारवाडा कसा टळेल? ३० ऑगस्ट १७७३ रोजी त्या वाड्यात तरुण नारायणराव पेशव्यांचा खून झाला. १७५९ पासून न्यायाधीशपदी असलेल्या रामशास्त्री प्रभुण्यांनी प्रत्यक्ष सत्ताधारी रघुनाथरावांस दोषी ठरविले, आणि देहान्तावाचून दुसरे प्रायश्चित्त नाही असे तोंडावर सांगून पुणे सोडले, ही कथा तुम्ही पहिल्या-दुसऱ्या इयत्तेपासून ऐकली आहे. पण या खुनाची दुसरीही एक कथा आपल्या तोंडी आहे, ती 'ध चा मा' केल्याची. पत्रात 'धरावे' असे होते, आनंदीबाईने त्याचे 'मारावे' केले! भाषेत ती म्हण होऊन बसली. ज्या पत्रात ही अक्षरे बदलली म्हणतात ते अस्सल पत्र मात्र कोणीही पुराव्यादाखल पुढे ठेविलेले नाही. एका अक्षराच्या गोष्टीवर एका स्त्रीला आपण अडीचशे वर्षे गुन्हेगार म्हणत आलो, आणि तेही हसत हसत, म्हणीच्या रूपाने. ती निर्दोष होती असे माझे म्हणणे नाही. ते म्हणावयासही पुरावा लागेल. परंतु रामशास्त्र्यांपुढे ती गोष्ट कोणी नेली असती तर त्यांनी पहिला शब्द कोणता उच्चारला असता? "कागद दाखवा."

रामशास्त्री पुण्यात न्याय करीत होते त्याच दशकात, १७६४ साली, इटलीतील मिलान शहरच्या बेकारिया नावाच्या सव्वीस वर्षांच्या तरुणाने 'गुन्हे आणि शिक्षा' या विषयावर एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले. आमच्या फळीवर त्याचे इंग्रजी भाषांतर आहे. जाडीने गोपीनाथ रावांच्या ग्रंथापुढे अगदीच किरकोळ. त्या काळी युरोपात आरोपीचा छळ करून कबुली घेण्याची चाल होती. बेकारिया म्हणतो त्याचा मथितार्थ असा की, छळाने सत्य कळत नाही, फक्त कोणाचे स्नायू बळकट आहेत हे कळते. धट्टाकट्टा गुन्हेगार सोसून सुटतो आणि दुबळा निरपराधी कबूल होऊन अडकतो. शिक्षेच्या क्रूरतेपेक्षा ती चुकणार नाही ही खात्री गुन्ह्यास अधिक आळा घालते, हाही त्याचाच विचार.

हे प्रकरण वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ तसाच बसलो. त्याचे कारण सांगतो, जरी ते माझ्या भूषणाचे नाही.

मी शिक्षक झालो त्या पहिल्याच वर्षीची गोष्ट. गाव दुसरे, शाळा दुसरी. वर्गातील एका विद्यार्थ्याची नवी कंपासपेटी हरवली. शेजारच्या बाकावरील एक मुलगा मधल्या सुट्टीत एकटाच वर्गात होता असे दोघांनी सांगितले. मुलगा गरिबाचा, वडील हमाली करीत. मी त्याला उभे केले. तो खाली पाहू लागला. त्याच्या कपाळाला घाम आला. हात थरथरू लागले. मला तेवढ्या खुणा पुरे झाल्या. "तू घेतलीस काय?" त्याने नाही म्हटले. पुन्हा विचारले, आवाज चढवून. पुन्हा नाही. तिसऱ्या वेळी मी टेबलावर छडी आपटली आणि म्हणालो की खरे सांगशील तर सोडून देईन, नाहीतर वडिलांना बोलावीन. तेव्हा तो म्हणाला, "होय सर, मी घेतली." पेटी कोठे आहे ते त्याला सांगता येईना. मला तो आणखी एक लबाडपणा वाटला. वडील आले, पेटीची किंमत त्यांनी दोन हप्त्यांनी भरली, आणि माझ्यापुढे हात जोडले.

दिवाळीच्या सुट्टीत वर्गाला चुना देण्यासाठी टेबलाखालचा लाकडी चौथरा हलविला, तेव्हा मागच्या फटीत ती पेटी सापडली. खडूच्या तुकड्यांत, धुळीने माखलेली.

मी त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. पैसे परत दिले, क्षमा मागितली. वडिलांनी घोंगडी पसरून बसविले, चहा दिला, आणि "असू द्या गुरुजी, तुमचे तरी काय चुकले" असे म्हणून मला अधिकच लाजविले. मुलगा दाराशी उभा होता. त्याला मी विचारले, "अरे, घेतली नव्हतीस तर होय का म्हणालास?" तो म्हणाला, "सर, तुम्ही तीनदा विचारलेत. पहिल्या दोन वेळेस मी खरे सांगितले होते."

ज्या धड्याला मिलानचे ते पुस्तक दोनशेहून अधिक वर्षे हाका मारीत होते, तो मला एका हमालाच्या मुलाने शिकविला. फळीच्या टोकाचे ते फाटके पुस्तक उघडून पाहा. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातच सांगितले आहे की, अधिकारस्थ माणसाने धमकी, आमिष किंवा वचन देऊन घेतलेली कबुली फौजदारी खटल्यात धरू नये, आणि पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून सिद्ध करू नये. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. हे नियम त्यातही कायम आहेत. मी त्या दिवशी धमकीही दिली होती आणि वचनही. न्यायालयात जी कबुली एक क्षणही टिकली नसती, तिच्यावर मी एका मुलाला सबंध सहामाहीभर चोर ठरविले.

जॉन हॉवर्डचे 'इंग्लंड व वेल्समधील तुरुंगांची स्थिती' हे १७७७ चे पुस्तक मी या प्रसंगानंतर पुन्हा निराळ्या दृष्टीने वाचले. हा बेडफर्डशायरचा जमीनदार १७७३ साली आपल्या परगण्याचा शेरीफ झाला, तेव्हा त्याला आढळले की न्यायालयाने निर्दोष ठरविलेली माणसेही तुरुंगाधिकाऱ्याची फी देता येत नाही म्हणून आत खितपत पडली आहेत. तो घोड्यावर बसून गावोगावचे तुरुंग पाहात सुटला. त्याच्या ग्रंथात वक्तृत्व फारसे नाही. कोठडी किती फूट लांब, किती रुंद, खिडकी आहे की नाही, पाणी किती, भाकरी किती, कैदी किती, हेच पानोपानी. वाचणाऱ्याला कंटाळा यावा! परंतु १७७४ सालीच त्याच्या साक्षीवरून पार्लमेंटने निर्दोष ठरलेल्यांना फीशिवाय सोडण्याचा कायदा केला.

आमच्या पुण्याच्या दोन शिक्षकांनीही तुरुंग आतून पाहिला आहे. कोल्हापूरच्या दिवाणांच्या अब्रूनुकसानीच्या खटल्यात आगरकर व टिळक यांस १८८२ साली शिक्षा झाली, आणि आगरकरांनी 'डोंगरीच्या तुरुंगांतील आमचे १०१ दिवस' लिहिले. दोघेही तेव्हा सव्वीस वर्षांचे, म्हणजे बेकारियाच्याच वयाचे. पुस्तक छोटे आणि खेळकर आहे. आठवीच्या पुढील कोणासही समजेल.

औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्यावरील एक पुस्तकही याच फळीवर आहे, आणि ते कोणत्या विषयाखाली घालावे हे मला आजतागायत ठरविता आलेले नाही. हे स्वतः चित्रकार. १९३८ साली त्यांनी औंधास चित्रांचे व शिल्पांचे संग्रहालय उभारले. आणि लगेच पुढल्या वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची भिंती नसलेली कैद्यांची वसाहत त्यांच्याच संस्थानात निघाली. कैद्यांनी शेती करावी, बिऱ्हाड करून राहावे, कुलूप नाही. १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट त्या प्रयोगावरूनच सुचला. शिपायाने मला विचारले, "सर, हे चित्रांत ठेवू की तुरुंगात?" मी म्हटले, "असू दे मध्येच."

आता पालकांच्या प्रश्नाकडे वळतो. गेल्या वर्षी नववीच्या वर्गाला मी त्रिशुंड गणपतीच्या मंदिरापुढे नेले आणि वहीच्या पानावर उभी रेघ ओढावयास लाविली. डावीकडे लिहावयाचे 'दिसले', उजवीकडे 'वाटले'. गेंड्याचे शिल्प अर्धा तास पाहा आणि लिहा. बहुतेकांनी उजवी बाजू आधी भरून काढली: पारतंत्र्य, पलाशी, देशाभिमान, कोणी तर १८५७ सुद्धा! डावीकडे दोन ओळी. एका मुलीने मात्र डावी बाजू पानभर लिहिली. शिपाई किती, कोणाच्या हाती काय, साखळी कोठून कोठे जाते, कोणता भाग झिजला आहे. उजवीकडे तिने एवढेच लिहिले होते की, "बंगाल असू शकेल. अजून ठरत नाही." मी तिला दहापैकी दहा गुण दिले.

दोन दिवसांनी तिचे वडील शाळेत आले. हातात तीच वही. मुलीने अर्धे पान कोरे ठेवले असता पूर्ण गुण कसे, हे त्यांना समजून घ्यावयाचे होते. रागाने नव्हे, खरोखरच समजून घ्यावयाचे होते. मी त्यांना डावी बाजू वाचून दाखविली. मग त्यांनी विचारले, "पण सर, खरे उत्तर काय?" मी म्हटले, "एक तर निश्चित. आसाम नव्हे," आणि त्यांना सनावळी सांगितली. ते जरा वेळ वहीकडे पाहात राहिले. त्यांचे घर कसब्यातच, मंदिरापासून हाकेच्या अंतरावर. पण ते कधी त्या भिंतीपुढे थांबले नव्हते. जाताना त्यांनी वही मागून घेतली आणि रविवारी मुलीबरोबर तेथे जाऊन स्वतः पाहतो असे सांगितले.

फळीवरील पुस्तके शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास वाचावयास मिळतात. आगरकरांचे पुस्तक घरी नेता येईल. गोपीनाथ रावांचे खंड मात्र तेथेच बसून पाहावे लागतील, कारण त्यांची बांधणी सैल झाली आहे.